लिफ्टमध्ये माणसं असताना

सुनेने ड्रॉवरमधून जुनी डिस्क काढली आणि दुरुस्तीवाल्या बाईंच्या हातात ठेवली.

"हीच परत लावून द्या. हळू चालली तरी चालेल, पण चालू दे."

संगणकाचा पडदा सकाळपासून चौथ्यांदा निळा झाला होता. आठवीचं विज्ञान ती ब्रेलमध्ये उतरवत होती. दहापैकी आठ धडे झाले होते. सोमवारी अंधशाळा उघडणार होती आणि चौदा मुलांना या वर्षी तरी पहिल्या दिवशी पुस्तक मिळेल, असा शब्द ती देऊन बसली होती. गेल्या वर्षी ते सहामाही परीक्षा उरकल्यावर पोहोचलं होतं.

हा सगळा घोळ सासऱ्यांचा. निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक, त्यामुळे घरातली कुठलीही वस्तू त्यांच्यापुढे फार काळ बंद राहत नसे. गेल्या आठवड्यात ती बाहेर गेलेली पाहून त्यांनी जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आणि नवी बसवून टाकली. "जरा वेग येईल," म्हणाले. वेग आला, पण दर वीस मिनिटांनी संगणक मान टाकू लागला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, यापुढे माझ्या कामाला हात लावू नका." ते नुसतं "बरं" म्हणाले. तेव्हापासून ते पेपरसुद्धा स्वयंपाकघरात बसून वाचत होते.

बाईंनी जुनी डिस्क जोडली. आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी वायर बदलून पाहिली. पुन्हा तेच.

"ही गेलीये, ताई. हिच्यातलं आता काही निघायचं नाही. धड्यांची दुसरी प्रत आहे ना?"

"पहिल्या तीनच धड्यांची." सुनेचा आवाज एवढासा झाला. बाकीचे पाच धडे आता फक्त त्या निळ्या पडद्यामागे होते.

बाईंनी संगणक अगदी मोजक्या गोष्टींवर सुरू केला आणि सगळ्यात आधी आठही धडे पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. मग सकाळपासून प्रत्येक वेळी बंद पडताना संगणकाने केलेली नोंद त्या एकेक करून वाचू लागल्या. चारही वेळा एकच नाव होतं.

"नव्या डिस्कचा काही दोष नाही. डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये एक दुभाषा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचं. डिस्क बदलली, दुभाषा मात्र जुनाच राहिला. नवीचं बोलणं त्याला झेपेना."

जुना ड्रायव्हर काढून त्यांनी नव्या डिस्कला चालणारा बसवला. वीस मिनिटं गेली. चाळीस गेली. तासाभराने सुनेचा जीव भांड्यात पडला.

"डिस्क बदलली कोणी?" बाईंनी सामान आवरता आवरता विचारलं.

"सासऱ्यांनी." शब्द अजून तक्रारीच्याच सुरात निघाला, तो तिचा तिलाच ऐकू आला.

"अगदी वेळेवर बदलली. ही टकटक त्यांच्या कानावर आली असणार. तुम्ही दिवसभर हा हेडफोन लावून बसत असाल, तुम्हाला कुठली येणार?"

बाई गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली.

"बाबा, डिस्कचा आवाज तुम्हाला आला होता?"

त्यांनी पेपर खाली घेतला. "आला होता."

"मग वेगाचं काय सांगत होतात?"

"तीस वर्षं लिफ्टची कामं केली. लिफ्टमध्ये माणसं असताना दोराबद्दल बोलायचं नाही. आधी त्यांना सुखरूप उतरवायचं." त्यांनी पेपरची घडी घातली. "तू तेव्हा सातव्या धड्यावर होतीस."

"अहो, पण मी एवढं बोलले, तेव्हा तरी सांगायचं."

"तू काय खोटं बोललीस? बंद तर माझ्यामुळेच पडत होता."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. "माझं चुकलं, बाबा. ते पाच धडे तुमच्यामुळे आहेत. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"किती राहिले?"

"दोन."

"मग इथे काय बसलीस?"

शनिवारी संध्याकाळी पुस्तक पुरं झालं. ठिपके उमटवणाऱ्या यंत्रातून पहिलं, आभारांचं पान बाहेर आल्यावर तिने सासऱ्यांना हाक मारली आणि त्यांचं बोट धरून शेवटच्या ओळीवर ठेवलं. डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडून, त्यांनी ती ओळ दोनदा चाचपली.

"काय लिहिलंय?"

"मी नाही सांगणार. तिथे वाचणारे चौदा जण आहेत, त्यांना विचारा."

सोमवारी सकाळी ती गठ्ठे बांधून बाहेर आली, तेव्हा ते चपला घालून फाटकापाशी उभे होते.