घरच्यांचं नाक

नवरा-बायकोचं भांडण क्षुल्लक होतं, नणंदेला फोन आधी कुणी करायचा यावरून. तो घड्याळं दुरुस्त करणारा, बोलण्यात मंद. ती शिवणकाम करणारी, तोंडाने तिखट. हरायला लागला तसा तो तोंडाला येईल ते बोलून गेला, "आधी काखेत साबण लाव. जवळ बसवत नाही, इतका वास मारतो."

वास नव्हता. कुणाच्याही अंगाला असतो तेवढाच, म्हणजे काहीच नाही. पण बोलणं वर्मी लागलं आणि ती गप्प झाली. भांडण जिंकल्याच्या आनंदात या शहाण्याचं शब्द मागे घ्यायचं राहूनच गेलं.

तिने गिऱ्हाइकांची मापं घेणं सोडलं. माप घ्यायचं म्हणजे हात पसरून अगदी जवळ जावं लागतं. "मापाचा कपडा घेऊन या," ती दारातूनच सांगायची. कुणी आणायचं, कुणी दुसरं दुकान गाठायचं. उठसूट आंघोळी सुरू झाल्या.

"अगं, नाही येत वास," तो म्हणायचा.

"आता माझं मन राखायला बोलू नका."

शेवटी काखेचा वास कायमचा घालवायचं ऑपरेशन करणारे डॉक्टर तिनेच शोधले. त्यांनी तिला काखेत गॉजची घडी धरायला लावली, थोड्या वेळाने काढून हुंगली.

"मला तरी काही विशेष जाणवत नाही. पण तुम्ही आंघोळ करून आलात. आपला वास आपल्याला कळत नाही, घरच्यांना कळतो. कातडी आतून उलटून घामाच्या ग्रंथी खरवडाव्या लागतात, व्रण राहतात. नुसत्या शंकेवर मी हे करत नाही." त्यांनी घडी नवऱ्यापुढे धरली. "तुम्ही सांगा. खरं काय ते."

त्याने हुंगलं. साबणाचा वास होता. पण नाही म्हणावं तर ती विचारणार, मग तेव्हा का बोललात? उत्तर एकच होतं, तुला दुखवायला. ती त्याच्याकडेच बघत होती. शरमेने त्याचे कान तापले.

"येतो," तो म्हणाला. "थोडा."

ऑपरेशन झालं. दोन्ही काखांत जाड पट्ट्या, हात उचलायची बंदी. तो तिचे केस विंचरायचा, घास भरवायचा, पाठ पुसून द्यायचा. शेजारीण आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघा, शिका जरा!" ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज सांगून टाकू, असं तो रोज ठरवायचा आणि रोज शेपूट घालायचा.

टाके निघाल्यावर तिने आरशासमोर जपून हात वर केला. काखेतली कातडी लाल, चुरगळल्यासारखी दिसत होती.

"हुंगा. खरं सांगा हं."

तो वाकला. "नाही येत."

तिचे डोळे भरून आले. "बाहेरचं कुणी तोंडावर बोललं नसतं. तुम्ही माझे म्हणून बोललात, आणि मी मेली इतके दिवस तुमच्यावरच डूख धरून बसले. चुकलंच माझं. माफ करा मला."

आणि त्याने खाली मान घालून तिला माफ केलं.