चिंचोक्याचा मुक्काम

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. नकाशा म्हटलं की तुम्हाला शाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला, कोपरे फाटलेला कागद आठवेल. मी तसला नाही. मला एकशे चाळीस पानं आहेत, पाठीला तारेचा कणा आहे, आणि युरोपातले झाडून सगळे मोठे रस्ते माझ्या पोटात आहेत. लिस्बनहून वॉर्साला कसं जायचं ते मी झोपेतही सांगेन. पण सध्या मी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर गावी, दोन खोल्यांच्या एका घरात राहतो. माझ्यातला एकही रस्ता या गावाला येत नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका छापखान्यात झाला. मोठे रस्ते निळे छापले, त्याहून लहान लाल, गावांकडे जाणारे पिवळे. दोन देशांच्या मधली सीमा तेवढी फिकट जांभळ्या रेघेने दाखवली. तिच्यासाठी शाई जरा हात राखूनच वापरली होती. त्याचं कारण मला पुढे रस्त्यावर कळलं. तिकडे बहुतेक सीमा अशा आहेत की त्या कधी ओलांडल्या हे झोपलेल्या माणसाला समजतही नाही. एक पाटी येते, रस्त्याकडेच्या फलकांची भाषा बदलते, संपलं. क्वचित एखादा पोलीस हात करतो. जुन्या नाक्यांची छपरं काही ठिकाणी अजून उभी आहेत, पण खाली चिटपाखरू नसतं.

माझा पहिला मालक लिथुआनिया देशातला एक म्हातारा ड्रायव्हर होता. नऊ वर्षं त्याने मला मांडीवर घेऊन ट्रक चालवला. मग ट्रकमध्ये बोलणारं यंत्र आलं. यंत्रातली बाई म्हणाली डावीकडे वळा, की तो डावीकडे वळू लागला, आणि मी झोपायच्या फळीखाली गेलो. तिथे एक बिघडलेली बॅटरी आणि एक एकटा पायमोजा, एवढीच सोबत होती. कामापुरता मामा म्हणतात ते हेच. खूप वाईट वाटलं, पण कागदाला रुसून जायला पाय नसतात.

तिथून मला बाहेर काढलं ते जहीरने. जहीर नवापूरचा. सुरत ते धुळे या रस्त्यावर त्याने दहा वर्षं ट्रक चालवला होता, आणि आता लिथुआनियातल्या एका कंपनीत नोकरीला आला होता. त्याने माझ्यावरची धूळ बाहीने पुसली, मला चाळलं आणि स्वतःशीच म्हणाला, "रस्ता डोयाले दिसाले पाहिजे." मित्रांनो, इतकं सुंदर वाक्य माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं.

जहीर मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. मुक्कामाच्या जागी तो माझ्या कडेला बारीक अक्षरात नोंद करायचा. इथं अंघोळीला गरम पाणी. इथं डाळ मिळते. इथं वारा जोराचा, रिकामी गाडी हळू घ्या. इथं नमाजाला जागा आहे, कोणी हटकत नाही. दोन वर्षांत त्याने मला इतकं लिहून काढलं की मी जर्मन राहिलोच नाही.

एक गोष्ट मात्र मी पाहिली आणि तेव्हा तिचं गांभीर्य मला कळलं नाही. ईदचा दिवस होता. स्पेनहून संत्री भरून आम्ही निघालो होतो आणि एका वाहनतळावर थांबलो होतो. त्याच्या अम्मीचा, जाहेदाबीचा, फोन आला. जहीरने पडदे ओढले, फोन वाजू दिला आणि उशीत तोंड घालून रडला. दुसऱ्या दिवशी त्याने घरी सांगितलं, "काल बॉर्डरना नाकावर व्हतू अम्मी. तठे फोन जमा करी लेतस." मला हसू आलं. वाटेत आम्ही ओलांडलेल्या बॉर्डरवर ट्रकचा वेगसुद्धा कमी झाला नव्हता. पुढे ज्या ज्या दिवशी त्याला घरची आठवण अनावर व्हायची, त्या त्या दिवशी तो नाक्यावर असायचा.

दोन वर्षांनी तो सुट्टीवर नवापूरला आला. जाहेदाबी त्याला म्हणाली, "तू रोज गावनं नाव सांगस, पन ते गाव शे कोठे, ते माले दखाड." जहीरने मला सोबत आणलंच होतं. तो मला तिच्या हवाली करून गेला. जाताना माझ्या शेवटच्या पुठ्ठ्यावर कंपनीच्या कचेरीचा नंबर लिहिला आणि खाली लिहिलं, काही झालं तर इथं फोन करा.

मग आमचा रोजचा नेम सुरू झाला. संध्याकाळची नमाज झाली की जहीरची बायको सबीहा फोनवर आलेलं गावाचं नाव वाचायची, माझ्यातलं पान शोधायची आणि बोट ठेवायची. जाहेदाबीला वाचता येत नव्हतं. ती डब्यातला एक चिंचोका काढून बरोबर त्या बोटाखाली ठेवायची. याला घरात 'जहीरले मुक्कामाले लावणं' म्हणत. चिंचोका मुक्कामी लागला की मगच भाकरी थापायला बसायच्या. मी जमिनीवर चटईच्या मधोमध पसरलेला असायचो, आणि मला वाटायचं, छापखान्यातले माझे हजारो भाऊ आज कुठे रद्दीत असतील, आणि मी बघा.

आता नाक्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नवापूर हे गुजरातच्या सीमेवरचं गाव. इथल्या बाईला सीमा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. सीमा म्हणजे नाका, नाका म्हणजे ट्रकांची रांग, आणि रांग म्हणजे घरी जेवण झाकून ठेवणं. शेजारी सुपडूभाऊ नावाचे एक म्हातारे ड्रायव्हर राहतात. ते एक किस्सा नेहमी सांगायचे. जहीर नवा नवा ड्रायव्हर झाला तेव्हा दोन दिवस घरी आला नाही, फोनही लागेना. जाहेदाबीने रडून गल्ली गोळा केली आणि सुपडूभाऊंना शोधायला धाडलं. "दखस त काय," सुपडूभाऊ सांगायचे, "नाकाना लाईनमा, ट्रकखाले घोरी ऱ्हायंता. मी त्याले जागा कया." महिनाभर सगळे ड्रायव्हर जहीरला चिडवत होते. तेव्हा त्याने अम्मीकडून वचन घेतलं होतं, "मी नाकाजोडे ऱ्हासू आन फोन नही लागना, त घाबरू नको. लाईनमा शे असं समज." आणि जाहेदाबी वचनाची पक्की.

फेब्रुवारीतला शनिवार होता. जहीरचा निरोप आला, जर्मनीत सारब्रुकेनच्या पुढे, फ्रान्सच्या बॉर्डरजवळ मुक्काम. रविवारी तिकडे ट्रकांना बंदी असते, म्हणून सगळे शनिवारीच कुठेतरी गाडी लावतात. सबीहाने बोट ठेवलं. चिंचोका बरोबर जांभळ्या रेघेवर बसला.

रविवारी त्याचा फोन यायचा तो आला नाही. सबीहाने दुपारपासून लावून पाहिला. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. मला उलटं करून तिने शेवटच्या पुठ्ठ्यावरचा नंबर वाचला. "अम्मी," ती म्हणाली, "दिनभर घंटी वाजी ऱ्हायनी, फोन उचली नही ऱ्हायनात. कंपनीले फोन लावू का?"

जाहेदाबीने मला सरळ केलं. "चिंचोका कोठे शे ते दख. बॉर्डरवर शे ना? मंग नाकावर शे तो. तठे फोन जमा करी लेतस, त्यानीच सांगेल शे."

"पन फोन जमा शे त घंटी कशी वाजस?"

"वाजत व्हई टेबलवर. सबीहा, मी त्याले कबूल करेल शे. आते तठे लोके हसतीन त्याले."

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर. माझ्या अंगावरच ती रेघ होती, आणि तिथे नाका नाही हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मी पंख्याच्या वाऱ्याने पान फडफडवलं. जाहेदाबीने त्यावर अडकित्ता ठेवला.

सबीहाने एकदा फोनकडे आणि एकदा सासूकडे पाहिलं, आणि फोन खाली ठेवला. चिंचोका रविवारी तिथेच राहिला. सोमवारी दुपारी कंपनीने एका पंजाबी माणसाकरवी फोन केला. जहीर ट्रकमध्ये पडलेला सापडला होता. बंदी उठून बाकीचे ट्रक निघून गेले तरी याचे पडदे ओढलेलेच, म्हणून सोमवारी सकाळी मागे राहिलेल्या एका ड्रायव्हरने काच ठोठावली. त्याला लकवा झाला होता. उजवं अंग गेलं होतं.

पाच आठवड्यांनी त्याला घरी आणलं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तिकडचे कागद वाचले आणि म्हणाले, "पहिल्या चार-पाच तासांत उपचार मिळाले असते, तर हातापायात बरंच बळ राहिलं असतं." ते सहज बोलून गेले. ही गोष्ट मला पुढे सबीहाच्या तोंडून कळली. तिने ती आपल्या आईला फोनवर सांगितली, हळू आवाजात, आणि जाहेदाबी दाराआड उभी होती.

त्या दिवशी जाहेदाबीने मला चादरीत गुंडाळून लोखंडी कपाटावर टाकलं. चिंचोका काढायचीही तिला हिंमत झाली नाही. तो पानांच्या मध्ये तसाच दबला. सव्वा वर्ष मी तिथे होतो. कसरीने माझी नॉर्वेची दोन पानं खाल्ली. खाली काय चाललंय ते ऐकू यायचं. सबीहा सासूला वेळेवर वाढायची, वेळेवर गोळ्या द्यायची, पण तिच्याशी कामाशिवाय एक शब्द बोलायची नाही. जाहेदाबीनेही कधी विचारलं नाही का बोलत नाहीस. आणि जहीर दारात खुर्चीवर बसून महामार्गावरच्या ट्रकांचे भोंगे ऐकायचा. दोघींमध्ये काय बिनसलंय, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला फळीखालची ती उपेक्षा परवडली, मित्रांनो, पण हे सव्वा वर्ष फार जड गेलं.

मागच्या महिन्यात एका दुपारी जहीरने मला मागितलं. त्याचं बोलणं अजून तुटक आहे. "नकाशा," तो म्हणाला. सबीहाने मला खाली काढलं. इतके दिवस आत दबलेल्या चिंचोक्यामुळे मी आपोआप त्याच पानावर उघडलो. जांभळ्या रेघेवर कागदाला खड्डा पडला होता आणि तो त्यात बसला होता.

"हाई... काय?" जहीरने विचारलं.

मग जाहेदाबी चटईवर बसली आणि चिंचोक्यावर बोट ठेवून एका दमात सांगून मोकळी झाली. "दोन दिन तुले मी आठेच बसाडी ठेवं. सबीहा सांगे फोन लावू, मीच लावू दिधा नही. माले वाटनं तू नाकावर शे. मन्हामुळे तुन्हा हात गया, बेटा."

जहीरने आपला उजवा हात डाव्या हाताने मांडीवर ओढून घेतला. फोनची घंटी त्याला त्या दिवशी ऐकू येत होती, असं तो पूर्वी एकदा म्हणाला होता. हात तेवढा उचलत नव्हता.

"अम्मी," तो म्हणाला, "तठे... नाका नही."

जाहेदाबीला कळलं नाही.

"कोठेच नही. मी... खोटं सांगेल शे. रडू ये... त्या दिन... नाकावर शे सांगू."

सबीहाने तोंडाला पदर लावला. सव्वा वर्ष तिने मनात जे धरून ठेवलं होतं, ते आता कोणाच्या नावावर टाकावं हे तिला कळेना. मग ती सरकून सासूच्या शेजारी बसली आणि तिचा हात तिने आपल्या मांडीवर घेतला.

मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. जुन्या नकाशाला रद्दीत घालू नका हे तर मी सांगणारच, पण ते नंतर. तुमच्या घरातलं कोणी लांब असेल, तर रोज कुठे आहेस एवढंच विचारून थांबू नका. गावाचं नाव मीही सांगू शकतो. तो कसा आहे ते मला सांगता येत नाही, ते तुम्हीच विचारायला हवं. आणि तुम्ही लांब असाल, तर रडू आलं की रडू आलं म्हणा.

त्या दुपारी जहीरने डाव्या हाताने पेन मागितलं. सबीहाने मला गुडघ्यांनी दाबून धरलं. चार शब्द नाहीत, तीनच, पण त्याला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. अक्षरं मोठी, वाकडी, पहिलीतल्या मुलासारखी आली. त्याच्या जुन्या बारीक नोंदींच्या शेजारी, जांभळ्या रेघेवरच्या त्या खड्ड्याजवळ, आता लिहिलेलं आहे: इथं नाका नाही.