दुसऱ्या कडव्यातील विराम

ज्या वादकाचे आयुष्यात एकदाही दर्शन घडले नव्हते, त्यालाच त्याने गुरू मानले होते. चेलोसारख्या गंभीर वाद्याला जॅझच्या मैफलीत मानाचे आसन मिळवून देणाऱ्या त्या थोर पुरुषाच्या निधनाला चाळीस वर्षे लोटली होती. मागे उरली होती ती एकच ध्वनिफीत. ती ऐकून ऐकून या शिष्याचा हात घडला. तिच्यातल्याच सहा रचनांचा अल्बम गुरुचरणी वाहावा, हा त्याचा संकल्प. पाच रचना ध्वनिमुद्रित झाल्या होत्या. सहावीच्या वेळी गुरूंच्या सत्तरी उलटलेल्या कन्या, ताई, संमतिपत्र घेऊन स्टुडिओत आल्या. त्यांच्या सहीवाचून अल्बम निघणार नव्हता.

शिष्याने तारेवर गज टेकवला. दुसऱ्या कडव्यात, स्वर ऐन चढणीवर असताना, तो अर्धा श्वास थांबला आणि मग पुढे गेला. फितीतला हाच तो सुविख्यात विराम. त्यावर त्याने व्याख्याने दिली होती. बावीस वर्षे विद्यार्थ्यांकडून तो घोटून घेतला होता.

काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला, "बुवा, काटा आला अंगावर!"

"माझ्याही आला," ताई म्हणाल्या. "तिथे का थांबलात?"

"ताई, ती तर गुरुजींची खास जागा!"

"कसली जागा? त्यांची डाव्या हाताची दोन बोटं उठेनात. अर्धांगवायूची ती सुरुवात. फीत होत होती तेव्हा मी समोरच बसले होते, घामानं निथळत होते ते. दोन महिन्यांत गेले." त्यांनी पिशवीतून एक पिवळा कागद काढला. "हे त्यांच्या हातचं स्वरलेखन. तुम्ही थांबलात तिथे यात चार स्वर आहेत. ते वाजवा, लगेच सही करते."

स्वर सोपे होते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही वाजवले असते. त्याने कागद समोर ठेवला, आरंभ केला, आणि हात नेमक्या त्याच ठिकाणी थांबला. पुन्हा थांबला. पाचव्या खेपेसही तिथेच थांबला.

"अहो, चार स्वर वेगळे वाजवून द्या, मी बेमालूम जोडतो," ध्वनिमुद्रक म्हणाला.

तसे केले. ताईंनी डोळे मिटून ऐकले.

"ठिगळ आहे हे. तुम्हाला बाबांचं दुखणं पाठ झालंय हो, बाबा नाहीत." त्यांनी सही न केलेले संमतिपत्र घडी घालून पिशवीत ठेवले. "जमलं की बोलवा. असले तर येईन."

त्या गेल्यावर त्याने चेलो खोक्यात ठेवला. मग आपल्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. आता तिचा स्वतःचा मोठा वर्ग होता.

"सर! झाला का अल्बम?"

"नाही. तू तो विराम शिकवतेस अजून?"

"म्हणजे काय! पहिल्याच वर्षी. एकेकाच्या हातात असा बसवलाय ना, की आता काही केल्या निघायचा नाही!"