पोत्यात घालून नेणारा माणूस

“भात संपव, नाहीतर बुंबाय पोत्यात घालून नेईल!”

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या आमच्या गल्लीत हे वाक्य न ऐकता मोठं झालेलं पोर शोधून सापडायचं नाही. बुंबाय म्हणजे पगडी बांधून मोटारसायकलवर चादरी, मच्छरदाण्या विकत फिरणारा हिंदुस्थानी माणूस. तो बिचारा आपला माल विकतो. पोत्याची भर आमची.

रोडेलियो ट्रायसिकल, म्हणजे आमच्याकडची तीनचाकी रिक्षा, चालवायचा. बायको मर्लिंडा हाँगकाँगला लोकांची मुलं सांभाळायला गेलेली, आणि इथे साडेचार वर्षांच्या लेनलेनला सांभाळायला हा एकटा. माणूस वाईट नव्हता. लेकीवर जीव टाकायचा. पण दमून आला की जिभेला हाड राहायचं नाही. लेनलेनने भात सांडला की म्हणायचा, “अशी हट्टी म्हणूनच आई पळाली तुझी! आता तुलाही बुंबायला देऊन टाकतो.” शेजारीपाजारी हसत. लेनलेन हसत नसे, पण तिच्याकडे बघायला सवड कोणाला होती?

मे महिन्यापासून तिचं पोट दुखायला लागलं. अंथरूण ओलं व्हायला लागलं. जंताचं औषध झालं, पाला चोळून झाला. शेवटी एका दुपारी आरोग्य केंद्रातल्या मनांग पुरिंग घरी आल्या. मनांग म्हणजे थोरली ताई; या बाईंनी गल्लीतल्या निम्म्या पोरांची वजनं केलेली.

“हिच्या पोटात काही नाही,” त्या म्हणाल्या. “तू काय सांगत असतोस रे हिला?”

“थट्टा करतो, मनांग, दुसरं काय? मलाही लहानपणी म्हणायचे, तुला पुलाखालून उचलून आणलंय. मेलो का मी?”

“मेला नाहीस. पण छत्तिसाव्या वर्षी रक्तदाबाच्या गोळ्या कोण घेतं? मर्लिंडाच्या फोनला जरा उशीर झाला की घरभर येरझारा कोण घालतं? सगळं त्या पुलामुळेच झालं, असं नाही म्हणत मी. पण ज्या पोराला आपलं घर आपलं वाटत नाही ना, त्याचं शरीर सतत पळायच्या तयारीत असतं. झोप नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. आणि ती सवय मोठेपणी सहजासहजी सुटत नाही, बाबा.”

“तुम्ही पण ना, मनांग! राईचा पर्वत करता.”

तेवढ्यात दाराशी हॉर्न वाजला. “चादरी! मच्छरदाण्या!”

लेनलेन उठली, आत गेली आणि एक कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत दोन फ्रॉक, आईचा जुना गाऊन आणि प्लास्टिकमध्ये बांधलेला, आंबून गेलेला भात होता. ती थेट मोटारसायकलपाशी गेली.

“मी तयार आहे,” ती म्हणाली. “पोतं नको. मी मागे बसते. रडणार नाही.”

दारात उभ्या बायका खो खो हसल्या. मग लेनलेन बापाकडे वळली.

“तातय, आता आईला फोन कर. सांग, लेनलेन गेली. आता ये म्हणावं घरी.”

हसू जागच्या जागी थांबलं. अरे देवा! किती दिवस हे लेकरू आपल्या जाण्याची तयारी करत होतं!

बुंबाय गाडीवरून उतरला, तिच्यापुढे उकिडवा बसला. “बाळ, माझ्याकडे पोतं नाहीये. बघ, नुसत्या चादरी आहेत.” मग रोडेलियोला म्हणाला, “एकोणीस वर्षं येतोय या गल्लीत. माझ्या नावानं तुमची पोरं जेवतात, माहीत आहे मला. माझी मुलगी इथल्याच शाळेत जाते. पोरं तिला विचारतात, तुझ्या बापानं किती जणांना पळवलं? एकदा घरी येऊन तिनं मला विचारलं, खरं का हो, बाबा?”

रोडेलियोला मान वर करवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

“तुमचं… नाव काय?” त्याने कसंबसं विचारलं.

“गुरदयाल.”

एकोणीस वर्षांत आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं.

रोडेलियो सगळ्या गल्लीसमोर लेकीपुढे गुडघ्यावर बसला. “तातय खोटं बोलला, इंदाय, माझ्या बाळा. आई तुझ्यामुळे नाही गेली. ती कामाला गेलीय, डिसेंबरात येणार आहे. तुला मी कधीच कोणाला देणार नाही.”

“भात सांडला तरी?”

“अख्खं पातेलं सांडलंस तरी!”

तिचा विश्वास बसला नाही. बसणार कसा? त्या दिवसापासून ती रोज सकाळी विचारायची, “आज नाही ना?” आणि तो हातातलं काम टाकून म्हणायचा, “आज नाही. कधीच नाही.” असे कितीतरी महिने गेले.

मित्रहो, पोरांना आपण भात देतो, औषध देतो, लसही चुकवत नाही. पण ‘तू आमचीच, तुला कोणी नेणार नाही’ हेही रोज द्यावं लागतं. पुढच्या साठ-सत्तर वर्षांची तब्येत त्यावर उभी राहते. आपण थट्टेत बोलून विसरतो. मूल मात्र ते जन्मभर अंगावर वागवतं.

लेनलेनचं पोट आता दुखत नाही, डिसेंबरात आईही येऊन गेली. पण गुरदयालची मोटारसायकल गल्लीत वळली की ती अजून आधी बापाच्या तोंडाकडे बघते. आणि रोडेलियोची मान शरमेने खाली जाते.