बिनटपाच्या मोटारीचा लट्टू

केशोराव ठेकेदारांची मोटार सालेकशात सगळ्यांच्या ओळखीची होती. दोनच माणसं मावतील एवढी, बुटकी, हिरवी, डोक्यावर टप नाही, आणि आवाज असा की रस्त्यावरच्या म्हशी आपण होऊन कडेच्या धानाच्या बांधीत उतरायच्या. मँगनीजच्या खाणीवरचा गोरा साहेब स्वराज्यानंतर विलायतेला निघाला, तेव्हा जाताना त्यानं ती विकली. बाकीच्या ठेकेदारांनी त्या काळात लाकूड ओढायला ट्रक घेतले, केशोरावांनी ही घेतली. जंगलात जायला तिचा काडीचा उपयोग नव्हता. "कायले घेतली मंग?" असं कुणी विचारलं की ते मिशीत हसायचे आणि एवढंच म्हणायचे, "पळते."

आणि ते तिला पळवायचेही. दरेकशाच्या चढावर, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला धानाच्या बांध्या, अशी ती हिरवी मोटार जाताना दिसली की लोक हातातलं काम टाकून बघत राहायचे.

मग लकवा आला. पाय महिन्या-दोन महिन्यांत सावरला, बोलणं सुधारलं, पण डावा हात काही परत आला नाही. खांद्यापासून हलायचा, बोटं मात्र दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी लोंबायची. आणि गाडीचा गेर डाव्या हाताचा. मोटार गोठ्याशेजारच्या पडवीत गेली आणि तिच्यावर धानाची पोती पडली.

जमुनाबाईला हे सगळं गावाइतकंच ठाऊक होतं, जास्त नाही. ती आणि तिचा नवरा सुखराम गावाच्या टोकाला पितळेचं ओतकाम करायचे. देवळाच्या घंटा, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, दिवाळीचे दिवे. मेणाचं काम तिचं, भट्टीचं त्याचं. ती मातीच्या गोळ्यावर मेणाचा घाट चढवायची, वरून वारुळाच्या मातीचा लेप द्यायची. सुखराम तो साचा भाजायचा, मेण वाहून जायचं आणि त्या पोकळीत तो पितळ ओतायचा. मेणाचं रूप पितळेला यायचं.

त्या दिवशी बैलांच्या रेंगीतून केशोराव उतरले तेव्हा तिला वाटलं, घंटेचं काम असेल. पण त्यांनी उजव्या हातानं खिशातून एक काळा, गुळगुळीत गोळा काढून तिच्यापुढे ठेवला. चिंचोक्यासारखा चकचकीत आणि फळासारखा हलका.

"गेरच्या दांड्यावरचा लट्टू आहे हा," ते म्हणाले. "याले बोटांनी धरा लागते. मले असा पाहिजे का धरा नाही लागला पाहिजे. तळहातानं धक्का देल्ला का आपल्याच वजनानं गेला पाहिजे. भारी कर, जमुनाबाई."

जमुनाबाईनं काळा गोळा हातात तोलला. बोलणं तिला पटलं. हलकं मुसळ हाताला दमवतं, भारी मुसळ एकदा उचललं की स्वतःच कांडतं.

"तुमच्या हाताच्या मापाचा करू," ती म्हणाली. "मेण देते, दाबा."

तिनं उन्हात मऊ केलेल्या मेणाचा गोळा त्यांच्या डाव्या तळहातात ठेवला. केशोरावांनी दातओठ खाल्ले. खांदा थरथरला, कपाळावर शीर उठली. मग तिनं गोळा काढून घेतला. मेण जसं दिलं होतं तसंच होतं. एकही बोट त्यावर उमटलं नव्हतं.

सुखरामनं मान वळवून भात्याकडे पाहिलं. मग केशोरावांनी गोळा परत तळहातावर ठेवून घेतला आणि उजव्या हातानं आपली डावी बोटं एकेक करून मेणावर दाबली, जसं लहान लेकराचं बोट धरून पाटीवर अक्षर गिरवावं तसं. "हे घे," ते म्हणाले. "आता झाला ठसा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची बायको अनुसयाबाई आली. बारीक अंगाची, तोंडानं तिखट बाई. ओसरीवर बसलीसुद्धा नाही.

"जमुना, तो लट्टू बनवू नको."

"काऊन बाई?"

"काऊन म्हंते! त्या हातानं हे मोटार चालवतीन? दरेकशाच्या चढावर? मी रांडमुंड झाली का तू येशील कुकू पुसाले?" तिचा आवाज चढला आणि तसाच खाली आला. "सांग त्याईले, पितळ फुटलं म्हणून. साचा बिघडला म्हणून. कायीबी सांग."

जमुनाबाई मेणाच्या गोळ्याकडे बघत राहिली. खोटं बोलणं सोपं होतं; साचे खरंच फुटतात. पण त्या माणसानं आपलीच बोटं आपल्या हातानं दाबताना तिनं पाहिलं होतं.

"बाई, मी नाही बनवला तर ते गोंदियाले जातीन. तिथला कोणी हात न पाहता बनवून देईन. मी पाहून तरी बनवन."

अनुसयाबाई पदर झटकून निघून गेली.

लट्टू चांगला झाला. आत पोकळ, आणि पोकळीत काठोकाठ शिसं. राइस मिलचा फिटर भैयाजी त्याला आटे पाडून द्यायला तयार झाला तेव्हा हातात घेऊन हसला. "अरे बाई, ये लट्टू है के तोफ का गोला?" जमुनाबाईला त्याचं हसणं आवडलं नाही, पण तिला आपल्या कामाचा अभिमान वाटत होता. भारी मागितला, भारी दिला.

मोटारीवरची पोती उतरली. केशोरावांनी लट्टू बसवला आणि तळहाताच्या टाचेनं धक्का दिला. दांडा खटकन पुढे गेला. पुन्हा मागे ओढायला त्यांनी मनगट अडकवलं, तोही आला. अंगणात जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. अनुसयाबाई आत होती.

टाळ्या फार वेळ टिकल्या नाहीत. गावाबाहेर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या लागल्या, मोटार उडायला लागली आणि प्रत्येक दणक्यासरशी तो भारी गोळा दांड्याला खाली ओढू लागला. जुन्या गाडीचा गेर आधीच सैल झालेला. तो आपसूक सुटला, इंजिन नुसतंच ओरडलं, केशोराव खाली वाकून दांडा शोधायला गेले आणि मोटार बांध ओलांडून कापलेल्या धानाच्या ठुटांत जाऊन उभी राहिली. लागलं कुणालाच नाही. पण चार बैल लावून ती बाहेर काढताना सारं गाव हजर होतं.

जमुनाबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. "मी त्याईचा जीव घेतला असता," ती सुखरामला म्हणाली.

"तुले कोणी सांगतलं होतं का रस्ता कसा आहे?"

"विचारलं नाही मी. हात पाह्यला, गाडी पाह्यली नाही."

म्हणून ती स्वतःच केशोरावांकडे गेली आणि म्हणाली, मला गाडीत बसवा, तो दांडा कसा उडतो ते डोळ्यांनी बघायचं आहे. ठेकेदारांनी डाव्या बाजूचं दार उघडलं. जमुनाबाई जन्मात मोटारीत बसली नव्हती. बसल्यावर जमीन इतकी जवळ आली की पाय टेकवावेसे वाटले.

पण घाबरायला तिला फुरसत नव्हती. तिची नजर दांड्यावर होती. तिला दिसलं की वजन सगळं वर आहे, डोक्यावर मोळी घेतलेली बाई दगडावर अडखळावी तसं. वजन खाली, दांड्याजवळ पाहिजे. आणि तिला हेही दिसलं की धक्का मारायला केशोराव खांद्यानं झुकतात, आणि तेवढा वेळ त्यांची नजर रस्त्यावरून सुटते. प्रत्येक वेळी. हे वजनानं सुधारणार नव्हतं.

दरेकशाच्या पहिल्याच चढावर गेर पुन्हा सुटला. मोटार थबकली आणि मागे सरकायला लागली. केशोरावांनी ब्रेक दाबला, डावा हात दांड्यावरून घसरला, पुन्हा घसरला.

"पुढं ढकल!" ते ओरडले. "तुह्याकडं अन् पुढं!"

जमुनाबाईनं दांडा धरला आणि ढकलला. आत कुठेतरी दात दातांत बसल्याचं तिच्या तळहाताला कळलं. मोटार गुरगुरली आणि चढ चढून गेली.

वर पोचल्यावर त्यांनी गाडी थांबवली. खाली रेल्वेचा रूळ दिसत होता. जमुनाबाई स्वतःच्या हाताकडे बघत होती.

"ठेकेदार," ती शेवटी म्हणाली, "मी चुकीच्या हाताचं माप घेतलं."

"मंजे?"

"मोटारीचा डावा हात तिकडे नाही. इथं आहे, जिथं मी बसली. इथं बसनाऱ्याच्या हाताचा लट्टू पाहिजे. तुम्ही पाय सांभाळा, चाक सांभाळा. गेर बाईनं टाकावा."

केशोरावांचा चेहरा लाल झाला. "माही मोटार, अन् गेर बायको टाकीन? अन् मी गडी म्हणून काय करू, भोंगा वाजवू?"

परतीच्या वाटेवर त्यांनी गेर बदललाच नाही. एकाच गेरात, बैलाच्या चालीनं, ते घरी आले.

अनुसयाबाईला विचारायची सोयच नव्हती. जमुनाबाईनं विहिरीवर विषय काढला तर तिनं कळशी आपटली. "त्या मोटारीले मी हात लावन? मेली तरी नाही. बाजाराच्या दिवशी लोक काय म्हणतीन, ठेकेदारीण डायवर झाली म्हणतीन."

जमुनाबाईनं विषय सोडला. लट्टू तिनं परत आणून कोनाड्यात ठेवला आणि घंटांच्या कामाला लागली. पण मेण हातात घेतलं की तिला तो चढ आठवायचा आणि तळहातात दात बसल्याची ती जाणीव. आपण नको तिथे तोंड घातलं असं कधी वाटे, आणि कधी वाटे, तेवढंच तर बरोबर बोललो.

थंडी सरत आली होती, मोहाची झाडं पानं गाळत होती, तेव्हा एका दुपारी दोघंही आली. पायी. केशोराव पुढे, अनुसयाबाई चार पावलं मागे, आणि तिच्या तोंडावर भांडण जिंकलेल्या आणि हरलेल्या, दोन्ही बायकांचा भाव.

"रोज मोटारीत जाऊन बसते हा मानूस," ती ओसरीवर टेकत म्हणाली. "जागेवरच सुरू करते. कोंबड्या पळतेत, गाय दूध चोरते. जेवाले बलवाले गेली त मनते, बस जराशी. बसली. डोये पुसून रायले होते वो हे. धूर गेला म्हणे." केशोराव घशात काहीतरी पुटपुटले. तिनं लक्ष दिलं नाही. "मंग मीच त्या दांड्यावर हात ठेवला. म्हटलं बोला, कुठं ढकलू? तशी पडवीतून भाईर निघाली, थेट उकिरड्यावर."

"उकिरड्यावर चाक माहं गेलं," केशोराव म्हणाले. "गेर हिनं बराबर टाकला होता."

सुखराम भात्यामागे तोंड लपवून हसला.

जमुनाबाईनं मेण आणलं. अनुसयाबाईनं उजवा हात पुढे केला आणि इतक्या जोरात मूठ आवळली की मेण बोटांच्या फटींतून बाहेर आलं.

"हळू वो बाई, वडा नाही थापायचा."

दुसऱ्यांदा तिनं सावकाश धरलं. जमुनाबाईनं गोळा काढून उन्हाकडे धरून पाहिला. चार बोटांचे खोल ठसे, अंगठ्याचा एक, आणि तळाशी बांगडी घासल्याची बारीक रेघ. रेघ पुसावी म्हणून तिनं नख लावलं, मग तशीच राहू दिली.

यावेळी तिनं घाई केली नाही. बारीक अंगाच्या बाईला जोर वजनानंच द्यावा लागणार होता, पण वजन उडायला नको होतं. तिनं लट्टूची मान आखूड केली, शिसं फक्त बुडाशी घातलं, वर पितळ पातळ ठेवलं. मग भैयाजीकडून आटे पाडून आणले. या खेपेला त्यानं हातात तोलून पाहिला आणि नुसती मान हलवली. लट्टू बसवल्यावर केशोरावांनी मोटार एकाच गेरात चाकोऱ्यांतून फिरवून आणली. दांडा हलला, पण सुटला नाही.

शिकायला दोघांना महिना लागला असेल. भांडणं इतकी झाली की शेजाऱ्यांना गेरांची नावं पाठ झाली. "दुसरा म्हटलं मी!" "तुम्ही पाय दाबला कुठं?" "दाबला!" "नाही दाबला, दात खाल्ले तिनं!" बाजाराच्या दिवशी लोक हसले, जसं अनुसयाबाई म्हणाली होती तसेच. एकानं तर रस्त्यावर हात जोडून "डायवरीणबाई, जय रामजी" म्हटलं. तिनं गेर खाली टाकला, केशोरावांनी इंजिन गरजवलं आणि त्या माणसाला रस्ता सोडावा लागला. पुढच्या बाजारी हसणारे कमी होते.

केशोरावांचा हात तसाच राहिला. तो ते मांडीवर ठेवायचे. कधीकधी चढावर तो आपसूक थोडा उचलला जायचा, जुन्या सवयीनं, आणि पुन्हा मांडीवर पडायचा. जमुनाबाईनं ते एकदा पाहिलं. तिला वाटलं, अनुसयाबाईनंही पाहिलं असेल.

चैत्रात एकदा सुखराम आणि जमुनाबाई घंटा घेऊन दरेकशाकडे चालले होते. मागून ओळखीचा आवाज आला तसे ते रस्त्याच्या कडेला झाले. हिरवी मोटार वळणावर आली. पदर कानामागे घट्ट खोचून अनुसयाबाई बसली होती, मूठ लट्टूवर, भुवया जुळलेल्या. केशोरावांचे ओठ हलले. खटका झाला की नाही ते कानाला कळलं नाही. फक्त मोटारीचा सूर बदलला आणि ती चढाला लागली.

जमुनाबाईनं हात वर केला. पण दोघांचीही नजर रस्त्यावर होती, त्यांनी तिला पाहिलं नाही. धूळ बसेपर्यंत ती उभी राहिली. मग तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि सुखरामला म्हणाली, "चल, ऊन चढून राह्यलं."