पासपोर्टची खंडेनवमी

दयानंदनं तोंडावर रुमाल धरला, आवाज जाड केला आणि दिल्लीछाप हिंदीत विचारलं, "नंदकिशोर जी? कझाकस्तान दूतावास से बोल रहा हूँ."

पलीकडे बेंगळुरूच्याच मल्लेश्वरममध्ये, नंदकिशोरच्या घरी, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गडी उठून उभा राहिलाय हे दयानंदला फोनवरूनच कळलं.

"यस सर. बोलिए सर."

"आपकी जीप का फोटो मिला. फोटो में जीप ने चश्मा पहना है. व्हिसा के फोटो में चश्मा नहीं चलता."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग अगदी नम्रपणे, "सर, वो चश्मा नहीं है, हेडलाइट की जाली है. लेकिन निकाल देंगे सर. सफेद बैकग्राउंड चाहिए क्या?"

एवढं झाल्यावर मात्र दयानंदचं हसू पोटात मावेना. तो पीण्या ह्या कारखान्यांच्या भागातल्या आपल्या वर्कशॉपात लेथला टेकून असा हसला, की शेजारच्या शेडमधला वेल्डर काच वर करून बघायला लागला.

"दया," पलीकडून आवाज आला, "तू पन्नाशी ओलांडलीस रे."

"होय की. म्हणून तर आता बसून फोन करतोय. आधी उभ्यानं करत होतो."

ह्या दोघांची ओळखच मुळी भांडणातून झालेली. नंदकिशोर एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होता आणि दयानंद त्या कारखान्याला बुशिंगं, म्हणजे यंत्रात बसवायच्या धातूच्या कड्या, करून द्यायचा. केसभर फरक सापडला तरी नंदकिशोर माल परत पाठवायचा. दयानंद निपाणीकडचा, हार मानणारा नव्हे. एकदा त्यानं नापास झालेलंच बुशिंग धुऊनपुसून, पेढ्यांच्या बॉक्समध्ये पेढ्यांशेजारी घालून परत पाठवलं. नंदकिशोरनं पेढा खाल्ला, बुशिंग पुन्हा नापास केलं. तेव्हापासून मैत्री जी जमली ती जमली.

नंदकिशोर रिटायर झाला आणि त्याच्या डोक्यात वारं शिरलं. त्याची लेक देवश्री जर्मनीत. तिच्याकडे जायचं, पण जमिनीवरून. बेंगळुरूहून नेपाळ, तिथून चीन, मग ती सगळी 'स्तान' मंडळी, रशिया, जॉर्जिया, तुर्कस्तान, असं करत करत लेकीच्या दारात जीप उभी करायची.

"विमानानं जाणं म्हणजे पंगतीला बसायचं आणि एकदम मठ्ठा पिऊन उठायचं," तो म्हणायचा.

जीप दयानंदची. जुनी, पण त्यानं स्वतःच्या हातानं इंजिन उतरवून चढवलेली. काचेवर 'श्री यल्लव्वा प्रसन्न' लिहिलेलं, म्हणून सगळे तिला यल्लव्वाच म्हणायचे. दोघांच्या बायकांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं, की आम्ही आपल्या विमानानं जाऊ आणि तुमच्या ओवाळणीला दारात उभ्या राहू. यल्लव्वात आम्ही बसणार नाही.

आता गंमत अशी, की एवढ्या रस्त्यात यल्लव्वा कुठं बंद पडेल ह्याची दयानंदला काळजी नव्हती. घोळ होता तो व्हिसांचा. पासपोर्ट एक आणि त्याला मागणारे दूतावास ढीगभर. एकाकडे तो पडून असला, की दुसऱ्याकडे जाता येत नाही. लवकर काढला तर पोचेपर्यंत व्हिसा संपणार, उशिरा काढला तर हातात येणार नाही. त्यात चीनवाल्यांची तारीख दगडावरची रेघ. तिथं आपली गाडी न्यायची तर त्यांचा गाईड सोबत लागतो, आणि तो ठरल्या दिवशी सीमेवर येऊन उभा राहणार. ती तारीख चुकली की पुढचं सगळं चुकलं. मग यल्लव्वानं आपलं बेंगळुरूतल्याच सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये परदेशवारी करायची.

"म्हणजे एक लेथ आणि सात जॉब," दयानंद म्हणाला. "कुणाचा आधी लावायचा एवढंच की. त्यात काय एवढं?"

नंदकिशोरनं ते 'त्यात काय एवढं' मनावर घेतलं. हॉलमधल्या भिंतीवर त्यानं लांबलचक तक्ता लावला. जर्मनीचा व्हिसा सगळ्यात आधी, संक्रांत झाल्या झाल्या. त्यानंतर तीन आठवडे कोरे. मग बाकीचे ओळीनं. निघायचं पाडव्याला.

त्या कोऱ्या जागेवर दयानंद रोज बोट ठेवायचा. "हे काय? इथं सत्यनारायण घालणार आहेस?"

"बफर आहे."

"तुमच्या सरकारी कारखान्यात बफरचाच पगार मिळत होता काय रे?"

"असू दे. स्वल्प मोकळी जागा असावी."

"वहिनी," दयानंद आत हाक मारायचा, "तुमच्या लग्नात पण ह्यानं अंतरपाट आणि माळेच्या मधे बफर ठेवला होता का?"

स्वयंपाकघरातून विद्यावहिनींचा आवाज यायचा, "ठेवला होता. भटजी कंटाळून खाली बसले होते."

असं सगळं खेळीमेळीत चाललेलं. आणि ह्या सगळ्यात, आधीच्या ऑक्टोबरात, खंडेनवमी येऊन गेलेली.

पीण्यात आयुधपूजेला काय होतं, ते बघितलंय त्यालाच ठाऊक. सगळ्या मशिनी धुऊन घेतात, लेथला हार, ड्रिलला हार, दारात कोहळा फोडतात. व्हर्नियरपासून हातोडीपर्यंत सगळं पाटावर मांडून गंध, हळद, कुंकू. दयानंदची बायको महानंदा ह्या कामात फार नेटकी. तिनं त्या दिवशी सहज विचारलं, "आणि काही राहिलं का हो?"

दयानंद चेष्टेच्या लहरीत होता. ड्रॉवरमधून पासपोर्ट काढून पाटावर ठेवत म्हणाला, "हे राहिलंय की. आता लेथ सोडून आम्ही ह्याच्यावरच पोट भरणार. आमचं आयुध हेच."

नंदकिशोर प्रसादाला आलेला. त्याच्याही खिशात पासपोर्ट होता. महानंदानं त्याच्यापुढं ताट धरलं. "भावजी, तुमचा पण ठेवा."

नंदकिशोरनं प्लास्टिकच्या कव्हरातला पासपोर्ट काही कव्हरातून काढला नाही. "वरून अक्षता टाका वहिनी, पोचतील."

दयानंद केवढा हसला होता. "बघितलंस? देवाला पण हा इन्स्पेक्शन करूनच आत सोडतो." आणि हसत हसत कोहळा फोडायला बाहेर गेला. आत महानंदानं काय केलं, ते त्यानं पाहिलं नाही. नंतर पासपोर्ट पुन्हा ड्रॉवरमध्ये गेला आणि संक्रांतीपर्यंत तिथंच राहिला.

संक्रांत झाली. दोघं इस्त्रीचे शर्ट घालून व्हिसा सेंटरवर गेले. दयानंदनं वाटेत मेट्रोत नंदकिशोरला पढवलं, की साहेबानं परत का येणार विचारलं तर सांगायचं, तिकडं फिल्टर कॉफी मिळत नाही.

काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं नंदकिशोरचा पासपोर्ट मशिनवर ठेवला, टुक् झालं, बाजूला घेतला. मग दयानंदचा उघडला. आतून झेंडूची एक वाळकी पाकळी काउंटरवर पडली.

मुलीनं पान फिरवून त्याच्याकडे केलं. फोटोतल्या दयानंदच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. त्याखाली हळदीचं बोट. खालच्या ज्या दोन ओळी मशीन वाचतं, त्यांच्यावर गंध सुकून पापडी झालेली. फोटोतला माणूस आता वरातीत बसल्यासारखा दिसत होता.

तिनं तीनदा मशिनवर ठेवून बघितलं. "आगल्ला सर, नाही होणार. डॅमेज्ड आहे. हा घेता येणार नाही."

दयानंदनं तिच्याकडं बघितलं, मग नंदकिशोरकडं बघितलं आणि गालातल्या गालात हसला. "ह्यांनी शिकवलंय ना तुम्हाला? छान जमलंय हं. पाकळी तर एक नंबर."

मुलगी हसली नाही. नंदकिशोर पण हसला नाही. दयानंदनं बोट ओलं करून ते कुंकू पुसायला घेतलं, तसं ते फोटोभर पसरलं. मग मात्र त्याचं तोंड उतरलं.

"नवा काढा सर," मुलगी म्हणाली. "मग परत अपॉइंटमेंट घ्या."

"आणि ह्यांचा?"

"ह्यांचा ओके आहे."

बाहेर येऊन दोघं कॉफीच्या टपरीवर थांबले. एरवी दयानंद कॉफीवाल्याचीही फिरकी घ्यायचा. आज त्यानं साखर आहे की नाही तेसुद्धा बघितलं नाही. नवा पासपोर्ट म्हणजे पुन्हा अर्ज, पोलीस व्हेरिफिकेशन. आणि तिकडं चीनच्या सीमेवर तो गाईड तारीख धरून बसलेला.

नंदकिशोरनं शांतपणे कॉफी संपवली. "माझा घेतला त्यांनी."

"ऐकलं की."

"मी विचार करतोय, एकट्यालाच जमेल का. यल्लव्वाची चावी देशील ना?"

दयानंदनं अर्धी कॉफी तशीच खाली ठेवली. तो 'हो' म्हणाला. दुसरं काय म्हणणार? वीस वर्षांचा दोस्त, लेकीकडं निघालेला, त्याला नको कसं म्हणायचं? "क्लच जरा वर धरतो," तो म्हणाला. "घाटात दुसऱ्या गिअरवरच ठेव. आणि ती गरम झाली की तिच्यावर ओरडू नको. तिला चालत नाही."

"लिहून देशील?"

"देतो."

दासरहळ्ळीतल्या आपल्या घरी येऊन तो सोफ्यावर जो बसला, तो उठेना. महानंदानं सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"तुम्हीच म्हणालात आयुध म्हणून."

"चेष्टेत म्हटलं गं."

"तुम्ही खरं कधी बोलता आणि चेष्टा कधी करता, हे मला तीस वर्षांत कळलं नाही. देवाला कुठनं कळणार?"

"पण आतल्या पानावर? वरच्या पुठ्ठ्यावर लावायचं होतंस."

"पुठ्ठ्याला कुंकू कशाला? प्रवासाला जाणार तुम्ही का पुठ्ठा? तोंड दिसतं तिथं लावलं."

तो कागद घेऊन क्लचबद्दल लिहायला बसला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. यल्लव्वा दुसऱ्या कुणाच्या हातात, मधल्या त्या सगळ्या डोंगरांत, आणि आपण इथं बुशिंगं कातत बसायचं. माणसाची आयुष्यभराची थट्टा एवढी नेम धरून परत येत असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. आवाज घोगरा, जसा रुमालातून यावा तसा.

"दयानंद जी? चीन के दूतावास से. आपके फोटो में दूल्हा है. दूल्हे का व्हिसा अलग होता है. दुल्हन का नाम बताइए."

दयानंद नकळत उठून उभा राहिला. "सर, महानंदा. लेकिन सर, वो दूल्हा नहीं..." आणि मधेच थांबला. मागून विद्यावहिनींचं दाबलेलं हसू ऐकू येत होतं.

"नंद्या," तो म्हणाला. "हा कुणाचा फोन?"

"बस खाली. तुझा अर्ज मी मघाशीच भरलाय, तत्काळमध्ये. परवा सकाळी जायचंय, जन्माचा दाखला शोधून ठेव."

"आणि तारखा? चीन?"

"त्या कोऱ्या तीन आठवड्यांवर रोज बोट ठेवून विचारायचास ना, हे कशाला म्हणून? तुझ्यासाठी. तू ह्या सगळ्यात काहीतरी करणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काय करशील एवढंच माहीत नव्हतं."

दयानंद धप्पकन सोफ्यावर बसला. "मग टपरीवर चावी कशाला मागितलीस?"

"पेढ्यांच्या बॉक्समधलं बुशिंग आठवतंय? त्याची परतफेड राहिली होती." नंदकिशोर जरा थांबला. "आणि तो क्लचचा कागद लिहिला असशील तर ठेव. मधे मधे मी पण चालवणार आहे."

नवा पासपोर्ट त्या कोऱ्या जागेतच आला, काठावर का होईना. त्या मुलीनं तो मशिनवर ठेवला आणि टुक् झालं, तेव्हा दयानंदनं तिला तिळगूळ दिला. संक्रांत कधीच होऊन गेली होती, पण तो म्हणाला, आमच्यात बफर असतो.

बाकीचे व्हिसेही तक्त्यातल्या ओळीनंच आले. पाडव्याच्या सकाळी यल्लव्वा मल्लेश्वरमला नंदकिशोरच्या दारात हार घालून उभी. महानंदा ताट घेऊन आली, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला कुंकू लावलं आणि दयानंदपुढं हात केला.

"पासपोर्ट आणा इकडं."

दयानंदनं खिशातून तो काढला. नंदकिशोरसारखंच प्लास्टिकचं कव्हर, वर रबरबँड, आणि त्यावर आणखी एक पिशवी.

"वरून अक्षता टाक," तो म्हणाला. "पोचतील."

महानंदानं टाकल्या. मग कुंकवानं भरलेलं बोट सरळ त्याच्या कपाळाला लावलं. फोटोत होतं तिथंच.