बुचात रोवलेली सुई

"बुचात सुई रोवलेली दिसली, की ती बाटली टाकायची. कोणी ठेवली, कधी ठेवली, विचारत बसायचं नाही. टाकायची." माझ्या पहिल्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर हे इतक्यांदा सांगायच्या, की आम्ही त्यांच्यामागे नकला करून हसायचो.

दोन दिवसांची रजा संपवून बुधवारी सकाळी मी ड्रेसिंग रूम उघडली, तर ट्रेमध्ये नेमकं तेच. टाके घालण्याआधी जागा बधिर करायच्या औषधाची बाटली, अर्ध्याहून कमी उरलेली. रबरी बुचात उभी सुई, आणि सुईला जोडलेली सिरिंज.

रजेच्या दिवसांत माझ्या जागी धाकटी सिस्टर 'झटपट' होती. हे नाव आम्हीच ठेवलेलं. हात इतका चपळ, की पेशंटचं 'आई गं' म्हणून होईस्तोवर तिचे टाके घालून झालेले असतात.

"ही सिरिंज कोणासाठी वापरलीस?" ती आत आली तसं मी विचारलं.

"सगळ्यांसाठी." माझा चेहरा पाहून तिनं लगेच सावरलं, "अहो ताई, सुई बदलते ना मी दर माणसाला! एवढी काही अडाणी नाही."

"सुई बदललीस, नळी तीच राहिली. टोचल्यावर रक्त मागे येतं, डोळ्यांना दिसत नाही एवढं. तीच नळी पुन्हा बाटलीत घातलीस, म्हणजे बाटलीही गेली."

"मग काय करायचं होतं? आठला दारात रांग. स्टोअरवाले भाऊ म्हणतात, मागणीवर मोठ्या डॉक्टरांची सही आणा. डॉक्टर उगवणार अकराला. तोवर काय फुंकर घालून टाके घालू?"

तिचं खोटं नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला. पलीकडच्या खोलीत सिरिंजची खोकी छताला टेकलेली, आणि इकडे एकीवर सगळी रांग काढलेली. सुईसकट ती सिरिंज मी धारदार वस्तूंच्या डब्यात टाकली, बाटली बाजूला काढली आणि रजिस्टर उघडलं.

बाटली कालच फोडलेली होती. सात माणसं. दुसरा होता तळहात कापलेला एक सुतार. त्याचं रक्त तपासायला गेलं होतं, त्याचा कागद आजच्या गठ्ठ्यात होता: 'बी' प्रकारची कावीळ. त्याच्यानंतर पाच जण, आणि त्या पाचांत आमच्याच सफाईच्या मावशी. काच उचलताना बोट कापलं होतं त्यांचं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मी मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहिले.

"सिस्टर, तुमचं बोलणं म्हणजे पुटपुटणं. जरा मोठ्यानं."

पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"हं. समितीपुढे ठेवू. गुरुवारी बैठक आहे."

"उद्या, सर?"

"पुढच्या. आणि तोवर लोकांना उगाच घाबरवू नका."

"सर, काल टोचलंय. लस जितकी लवकर, तितका उपयोग. आठवड्यानं देऊन काय मिळवणार?"

"मग मागणी भरा."

पाच मागण्या भरून मी हातातच आणल्या होत्या. त्या पुढे सरकवल्या. फोनवर बोलता बोलता त्यांनी पाच सह्या केल्या आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "घरोघरी पाठवायला माझ्याकडे माणूस नाही. तुम्हीही ड्युटी सोडून हलायचं नाही."

स्टोअरमध्ये भाऊंनी कागद उलटसुलट पाहिले. "सह्या आहेत. माणसं कुठायत?"

"येतील."

"आली की देतो. लस माणूस बघून निघते. पाचपर्यंत आहे मी."

मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणं मला कधी साधलं नाही, आणि नुसत्या भाऊंवर ओरडून भागण्यासारखंही नव्हतं.

मावशींना बाकावर बसवून सगळं सांगितलं. त्या एकदम उसळल्या.

"वीस वर्षं तुमच्या सुया उचलतेय मी! एक कधी टोचून घेतली नाही. आणि रोग द्यायचा तो तुम्ही, टाके घालताना?"

"झाला असेलच असं नाही, मावशी. रक्त आज तपासू, लस आज देऊ. पुढचे डोसही चुकवायचे नाहीत."

"आणि बाकीचे चौघं? तो बसचा ड्रायव्हर माझ्या शेजारीच बसला होता. बायको पोटुशी आहे म्हणत होता. त्याला कोण सांगणार?"

"मी."

"कधी? समिती बसल्यावर?"

"आज. पाचाच्या आत चौघांनाही इथं आणते."

"शब्द देता?"

"देते."

"मग जरा मोठ्यानं सांगा त्यांना. तुमचं ऐकायला कान दाराला लावावा लागतो," म्हणाल्या, आणि दंड पुढे केला. भाऊंना मावशी दाखवून मी लस आणली आणि सिरिंजचं नवं पाकीट मावशींसमोर फाडलं.

झटपट दारात उभी होती. डोळे लाल झालेले. "ताई, माझं नाव सांगाल त्यांना?"

"दवाखान्याची चूक म्हणून सांगेन. समितीनं विचारलं तर मात्र मला खरं सांगावं लागेल. तुझंही, आणि अकराच्या सहीचंही."

ती आत आली आणि अकराच्या सहीनंतर स्टोअरमधून आलेल्या सिरिंज खणात लावू लागली.

दोनला माझी ड्युटी संपली. रजिस्टरमधून चार पत्ते उतरवून घेतले. ड्रायव्हरचं घर सगळ्यांत लांब, पण आधी तिथंच जायचं ठरवलं. रोज ड्युटी सुटल्यावरची ही माझ्या जपाची वेळ. आज चालता चालता करीन म्हटलं. एप्रन खुंटीला अडकवला, चपला घातल्या आणि कोणाला काही न सांगता मागच्या फाटकातून बाहेर पडले.